चार जर्दाळू

“पण मेमे, शीड आधी त्यांच्या हातात का?”

सर्वेशचा हात शिडाकडे अर्ध्यावर गेला होता, तो तसाच राहिला.

म्हातारा दोरीची गाठ बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

“बाईंना धरता येत नाही म्हणून.”

“आणि मला येतं म्हणून मी थांबायचं?”

“हं.”

आणि शीड बाईंकडे गेलं. सर्वेशच्या पोटात दुखायला लागलं ते तिथपासून.

तसं पाहिलं तर सर्वेश मेतर हा पोटदुख्या माणूस नव्हता. मालवणजवळच्या देवबागेचा पोरगा. फळीवर उभं राहायचं, शीड धरायचं आणि वाऱ्याच्या जोरावर लाटा कापत जायचं, या खेळात किनाऱ्यावर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हे तो स्वतःच सांगे, पण ते बरंचसं खरंही होतं. घरच्या कपाटात जिंकलेले अकरा कप होते. त्यातल्या एकात आईने उदबत्त्या ठेवल्या होत्या, ती गोष्ट वेगळी.

त्याला कोणीतरी सांगितलं होतं की लडाखात लुंगत्सो नावाचं तळं आहे. हिवाळ्यात ते दगडासारखं गोठतं. तिथे एक म्हातारा फळीखाली पोलादी पाती बसवतो आणि शिडाच्या जोरावर बर्फावरून असा पळतो की समुद्रावरचा वेग त्यापुढे बैलगाडीचा वाटावा.

आणखीही एक सांगितलं होतं. हिवाळा सरत आला, की बर्फ सुटण्याआधी म्हातारा ते बावीस किलोमीटरचं तळं एका दमात पार करतो, थेट पलीकडच्या गोंपापर्यंत, म्हणजे बौद्ध मठापर्यंत. सोबत शिकायला आलेल्यांपैकी एक जण असतो. दरवर्षी एकच. आणि यंदा म्हाताऱ्याचे गुडघे बोलायला लागले होते, त्यामुळे ही त्याची शेवटची खेप, असं सगळे म्हणत होते.

तो एक जण आपणच, हे सर्वेशने मनाशी धरलं होतं. नुसतं मनाशी नव्हे. निघण्याआधी अख्ख्या देवबागेत सांगून झालं होतं.

म्हाताऱ्याचं नाव स्तोब्दन. गाव त्याला मेमे म्हणे, म्हणजे आजोबा. उमेदीची बारा वर्षं त्याने देवळालीला लष्कराच्या भटारखान्यात पोळ्या लाटल्या होत्या, त्यामुळे त्याला मराठी चांगलं यायचं. तो कमी बोले, पण त्यात मराठीचा दोष नव्हता. लडाखीतही तो तेवढंच बोलत असे.

आणि बाई?

कुमुद सरनोबत, वय वर्षं एकसष्ट. कऱ्हाडच्या मुलींच्या वसतिगृहात तीस वर्षं रेक्टर. पोहता येत नाही. समुद्र दोनदाच पाहिलेला, तोही पाठमोऱ्या उभ्या राहून, कारण सहलीच्या मुलींवर लक्ष ठेवायचं होतं. लेहला भाच्याकडे आल्या होत्या. घरात बसून कंटाळा आला, म्हणून इकडे.

कंटाळा आला म्हणून! हे ऐकल्यावर सर्वेशच्या डोक्यात तिडीकच गेली. आपण वर्षभर पायाला व्यायाम देऊन आलो आणि या बाई कंटाळा घालवायला आल्या.

बाईंना शीड कसं धरायचं ते दाखवून झालं, मग पहिला धडा. तो फळीशिवायच होता. बर्फावर उभं राहायचं, शीड दोन्ही हातांनी धरायचं आणि वाऱ्याचा झोत आला की सोडून द्यायचं.

“सोडायचं?” सर्वेशने विचारलं. “मेमे, आम्ही धरायला शिकतो.”

“समुद्रात.”

“वारा सगळीकडे वाराच असतो की.”

मेमेने शीड सर्वेशच्या हातात दिलं आणि तीन पावलं मागे सरकून उभा राहिला.

झोत आला. सर्वेशने समुद्रावरच्या सवयीने अंगाचा सगळा भार मागे टाकला आणि शीड घट्ट ओढून धरलं. समुद्रात पायाखालचं पाणी तोलून धरतं. इथे बुटांखाली धरायला काहीच नव्हतं. पाय पुढे गेले, पाठ मागे आली, आणि अकरा कपांचा मानकरी बुडावर बसून वीस-पंचवीस हात घसरत गेला. शीड मात्र त्याने सोडलं नाही.

बाईंची पाळी आली. झोत आला. बाईंनी शीड सोडलं. ते बर्फावर पडलं. बाईंनी वाकून उचललं.

“बाई, कुठे शिकलात?” मेमेने विचारलं.

“गच्चीवर,” बाई म्हणाल्या. “साठ मुलींच्या साठ चादरी. वारा आला की ओढत बसायचं नाही, फाटतात. सोडायची, पडली की उचलायची.”

मेमे हसला. बाई आणखी काहीतरी म्हणाल्या, ते वाऱ्यात सर्वेशला ऐकू आलं नाही. मेमेच्या लांब लोकरी अंगरख्याला पोटाशी एक घोळ होता. त्यात हात घालून त्याने एक सुका जर्दाळू काढला आणि बाईंच्या तळहातावर ठेवला.

सर्वेशने ते पाहिलं. बर्फावर बसूनच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी फळी मिळाली. ट्रकच्या जुन्या स्प्रिंग-पाट्यांचं पोलाद घासून केलेली तीन पाती तिच्याखाली होती. एका पायाने ढकलत चार पावलं पळायचं, मग फळीवर चढायचं आणि शीड हळूहळू जवळ घ्यायचं. थांबायचं असेल तर फळीचं तोंड वाऱ्याकडे वळवायचं. वळवता आलं नाही तर सोडायचं. बर्फ काळं आणि नितळ दिसलं तर पक्कं. पांढरं आणि फुगीर दिसलं तर आधी काठीने ठोकून बघायचं. तळं अधूनमधून आतून गडगडे, त्याला भ्यायचं नाही.

“ते बोलतं तोवर बरं,” मेमे म्हणाला.

सर्वेश त्या दिवशी नऊ वेळा पडला. दर वेळी पाठीवर. बाई चार वेळा पडल्या आणि चारही वेळा शीड आधी सोडून, मग आरामात खाली बसल्यासारख्या.

दुपारी मेमेने दुसरा जर्दाळू बाईंना दिला.

“अरे मेतर,” बाई म्हणाल्या. मुलींना आडनावाने हाक मारायची त्यांची सवय सुटली नव्हती. “घे, अर्धा खा. तोंड सुकलंय तुझं.”

“नको.”

“अरे, गोड आहे.”

“नको म्हटलं ना.”

बाईंनी खांदे उडवले आणि पुरा जर्दाळू स्वतःच खाल्ला. बी फोडून आतला गरही खाल्ला. सर्वेशला तो फोडल्याचा आवाज रात्री झोपेपर्यंत पुरला.

त्यानंतर त्याला सगळंच दिसायला लागलं. मिठाच्या चहात बाईंच्या पेल्यात लोण्याचा गोळा मोठा. चुलीजवळची गादी बाईंना. सकाळी मेमे हाक मारतो ती आधी बाईंना. मेमेने सांगितलेलं त्याच्या लक्षात राहीना, पण बाईंच्या पेल्यातलं लोणी पक्कं लक्षात राही. असूया अशी बारीक नजरेची असते. तिला चष्मा लागत नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र त्याचं अंग जागेवर आलं. पाठ मागे टाकायची खोड मोडली. शीड जवळ घेतलं, गुडघे वाकवले, आणि फळी अशी निघाली की डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत गेलं. तळ्याच्या मधल्या दगडी राशीला वळसा घालून तो परत आला तेव्हा बाई अजून निम्म्यावर होत्या.

तो मेमेपुढे येऊन उभा राहिला. धापा टाकत, हसत, घोळाकडे बघत.

मेमेने हात घोळात घातला... आणि रुमाल काढून नाक पुसलं.

बाई आल्या. बाईंना तिसरा जर्दाळू.

“मेमे.” सर्वेशचा आवाज फाटला होता. “मी त्यांच्यापेक्षा वेगात गेलो की नाही?”

“गेलास.”

“मग?”

“कसं कळलं तुला?”

“काय?”

“त्यांच्यापेक्षा वेगात गेलास ते.”

“मागे वळून बघितलं की.”

“किती वेळा?”

सर्वेशने मनातल्या मनात मोजलं. सहा-सात वेळा तरी बघितलं असेल. एकदा तर त्या नादात पडता पडता वाचला होता. हे म्हाताऱ्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

मेमे चहा करायला निघून गेला.

चौथा जर्दाळू पाचव्या दिवशी. आता सर्वेशच्या अंगाचा तिळपापड होत होता. बाई वाईट असत्या तर बरं झालं असतं. त्या चांगल्या होत्या. त्याचा फाटलेला हातमोजा त्यांनी न विचारता शिवून ठेवला होता, आणि टाका इतका नीट होता की त्याचाही राग आला.

सातव्या दिवशी सकाळी मेमे म्हणाला, “दगडांना वळसा घाला. या.”

“शर्यत?” सर्वेशने विचारलं.

“वळसा घाला. या,” मेमे पुन्हा म्हणाला.

सर्वेशने ती शर्यत म्हणूनच घेतली. परवा खेप निघणार होती. आजच काय ते ठरणार, हे त्याला उघड दिसत होतं. आणि नुसतं पुढे जाऊन भागत नाही, हेही आता कळलं होतं. पुढे गेलं तरी जर्दाळू मागच्यालाच मिळतो. बाईंना थांबवायला हवं होतं. मेमेच्या डोळ्यांदेखत, मधोमध.

तसं थांबवायची युक्ती त्याला ठाऊक होती. समुद्रावर शर्यतीत ती सगळेच करतात. वारा येतो त्या अंगाला जायचं आणि आपलं शीड दुसऱ्याच्या शिडाच्या आड धरायचं. वारा आपल्यावर अडतो, त्याचं शीड लुळं पडतं, तो जागच्या जागी बसतो. नियमात बसतं. सर्वेश त्यात पटाईत होता.

बाई त्यांच्या चालीने निघाल्या होत्या. सर्वेशने त्यांना गाठलं, वाऱ्याच्या अंगाला आला, वेग मुद्दाम कमी केला आणि शीड आड धरलं.

बाईंचं शीड लुळं पडलं नाही.

तो आणखी जवळ सरकला. थोडा मागे राहून, अगदी त्यांच्या शिडाच्या मागच्या टोकाशी. आणि त्याचंच शीड फडफडायला लागलं. हातातला ओढा गेला. फळी मंदावली, मग थांबली.

बाई पुढे निघून गेल्या. त्यांना कळलंही नव्हतं.

त्याने फळी ढकलली, पळाला, पुन्हा गाठलं. पुन्हा तेच. त्याचंच शीड मेलं.

“ह्यां काय खरां न्हय,” तो दात खाऊन म्हणाला. चिडला की तो देवबागेत जाई.

तिसऱ्या खेपेला तो इतका जवळ गेला की त्याच्या शिडाचा आडवा बांबू बाईंच्या बांबूला घासला. बाईंनी शीड सोडलं आणि बर्फावर बसल्या. सर्वेशने सोडलं नाही. शिडाने त्याला उचललं, फिरवलं आणि तोंडावर आपटलं. ओठ फुटला.

“मेतर! लागलं का रे?” बाई रांगतच त्याच्याकडे आल्या. “माझंच चुकलं असेल. मला अजून नीट वळवता येत नाही.”

सर्वेश बर्फाकडे बघत राहिला. त्या क्षणी त्याला स्वतःची लाज वाटली. आणि खरं सांगायचं, तर लाजेच्या खालोखाल रागही होताच. यांना साधा संशयही येऊ नये?

दोघं फळ्या ओढत परत आले. बाई चहा टाकायला आत गेल्या. सर्वेश मेमेपुढे उभा राहिला.

“मेमे, त्यांनी माझा वारा खाल्ला.”

मेमेने त्याच्या ओठाकडे पाहिलं. मग घोळात हात घातला.

जर्दाळू नव्हता. जवाच्या सत्तूचं पीठ होतं, मूठभर.

“धर. उभा राहा. मूठ उघड.”

सर्वेशने मूठ उघडली. वारा उजवीकडून येत होता. पीठ डावीकडे उडून गेलं.

मेमेने आणखी एक मूठ दिली.

“आता फळीवर. वेगात. मग उघड.”

सर्वेश निघाला. एका हाताने शीड आवळून त्याने वेग धरला आणि दुसऱ्या हाताची मूठ उघडली. पीठ डावीकडे गेलं नाही. ते त्याच्याच कोपरावरून सरळ मागे गेलं, बारीक पांढऱ्या रेघेसारखं.

तो परत आला.

“म्हणजे वेगात असलं की वारा समोरून येतो.”

“हं.”

“आणि पुढच्याचं शीड मागच्याचा वारा अडवतं. मागच्याचं पुढच्याचा नाही.”

“हं.”

“म्हणजे मी त्यांचा वारा तोडायला गेलो आणि...”

मेमे तळ्याकडे बघत होता. तळं लांबवर गडगडलं आणि गप्प झालं.

सर्वेशला त्या दिवशी तिथेच थांबता आलं असतं. पण सात दिवसांचं आत साठलं होतं, ते बाहेर पडलं.

“मेमे, एक विचारतो. त्यांना चार जर्दाळू दिलेत. मला एकही नाही. असं मी काय कमी केलं?”

मेमेच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच गोंधळ दिसला.

“जर्दाळू?”

“चार. मी मोजलेत.”

“बाईंनी मागितले.”

“...काय?”

“दुपारी त्यांना भूक लागते. मागतात. देतो.” मेमेने त्याला निरखून पाहिलं. “तुला हवे होते?”

सर्वेशचे कान पेटले. “नाही,” तो म्हणाला. “मला नकोत.”

“बरं.”

मेमे आत गेला.

पुढचा पूर्ण दिवस सर्वेशने एकट्याने फळी चालवली. चांगली चालवली. दगडांच्या राशीपर्यंत तो एकदाही मागे वळला नाही. उद्याच्या खेपेचं विचारावं, असं चारदा ओठांवर आलं. दर वेळी त्याने ते गिळलं. जर्दाळूंनी शोभा झालीच होती. आता खेपेचंही विचारायचं म्हणजे हात पसरण्यासारखं झालं. शिवाय माणसाच्या अंगात काय आहे ते मेमेला दिसत नाही का? दिसलं तर तो आपणहून नाव घेईल. आणि नाव घ्यायला लावलं, तर त्या नावाला काय किंमत?

असा तो आपणहून घेतल्या जाणाऱ्या नावाची वाट बघत राहिला.

खेपेच्या दिवशी सकाळी ऊन बर्फावर नुकतं उतरलं होतं. सर्वेश शीड गुंडाळून, पाती घासून, बूट आवळून तयार होता. मेमेही तयार होता.

आणि बाईही. पाठीला पिशवी, डोक्याला दोन कानटोप्या.

सर्वेशने त्या कानटोप्यांकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. देवबाग आठवली. तिथे सांगून ठेवलेलं सगळं आठवलं.

“मेतर, जरा धरतोस?” बाईंनी त्यांचं शीड पुढे केलं. “मला हा पट्टा आवळायचाय.”

त्याने शीड धरलं. वारा भरला होता आणि चांगला ओढत होता. बाई खाली वाकून बुटाचा पट्टा आवळत होत्या. शिडाच्या खालच्या कोपऱ्याची गाठ त्याच्या अंगठ्याखाली होती. ती सैल करायला दोन बोटं पुरली असती. बाई शंभर पावलं गेल्या असत्या, गाठ सुटली असती, आणि मेमेने मागे वळून पाहिलं असतं की आणखी कोण तयार आहे.

त्याने अंगठा गाठीवर फिरवला...

गाठ थोडी सैलच होती. बाईंना कधीच धड बांधता आली नव्हती.

त्याने ती सोडली आणि पुन्हा बांधली. घट्ट. देवबागेत बांधतात तशी, दोनदा ओढून.

“झालं रे. दे,” बाई म्हणाल्या आणि फळीवर चढल्या. मग त्याच्याकडे पाहून थबकल्या. “तू नाही येत?”

सर्वेशने मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यालाही कळलं नाही.

“सोड,” मेमे म्हणाला.

त्याने सोडलं. बाई निघाल्या. चार पावलं ढकलून शीड जवळ घेतलं, आणि बघता बघता त्या लांब गेल्या. गाठ टिकली.

मेमे फळीवर एक पाय ठेवून उभा होता. घाई असल्यासारखा दिसत नव्हता.

“मेमे,” सर्वेश म्हणाला. “त्यांनाच का नेता?”

“काल विचारलं त्यांनी. येऊ का म्हणून.”

“मलाही यायचं होतं.”

“हो?”

“त्याच्यासाठीच आलो होतो. घरी सगळ्यांना सांगून आलो होतो.” त्याचे डोळे भरून आले होते आणि वाऱ्याने ते गार झाले होते. “पण तुम्ही तर एकालाच नेता.”

“कोण म्हणालं?”

“सगळेच म्हणतात. दरवर्षी एकच जण जातो तुमच्याबरोबर.”

मेमेने घोळात हात घातला. शेवटचा जर्दाळू काढला, तो स्वतःच्या तोंडात टाकला आणि सावकाश चघळला.

सर्वेशचं गुंडाळलेलं शीड तीन पावलांवर पडलं होतं.

“जातो खरा एकच,” मेमे म्हणाला. “विचारतोही एकच.”